एक क्लच, व्हाया ऑपेरा हाऊस

वीकेण्डला तुम्ही काय करता? मॉल, मूव्ही, फार तर अलिबाग. मी सलग चार शनिवार लालबागच्या एका गॅरेजमध्ये काढले. उड्डाणपुलापासून दोन मिनिटांवर, जुन्या चाळीचा तळमजला, पलीकडच्या गल्लीतून येणारा मसाल्याचा खकाणा आणि त्यात मिसळलेला ग्रीसचा वास. ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. लोअर परळच्या आमच्या काचेच्या ऑफिसात ‘क्लच’ म्हणजे पार्टीला न्यायची छोटी पर्स!

मला हवा होता तो खरा क्लच, बाबांच्या झेनसाठी.

झेन १९९३ साली आली. त्याच दशकात तिची तीन गिअरवाली ऑटोमॅटिकही निघाली, पण रस्त्यावर ती क्वचितच दिसायची. ‘गिअर टाकायचे नाहीत तर गाडी कसली?’ असा तो जमाना. बाबांना मात्र तीच हवी होती. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांच्या डाव्या पायात जोर नाही, आणि क्लच दाबायचा असतो तो डाव्याच पायाने. वर्षानुवर्षं दादर ते फोर्ट लोकलला लोंबकळत गेलेला हा माणूस पंचेचाळिशीत गाडी शिकला आणि पहिल्याच रविवारी आम्हाला गिरगाव चौपाटीवर घेऊन गेला. ऑपेरा हाऊसचा सिग्नल येईपर्यंत आईने डोळे उघडले नव्हते.

कोविडच्या काळात ही गाडी हिंदू कॉलनीत झाडाखाली दोन पावसाळे उभी राहिली. त्यानंतरही ‘बघू, करू’ चालूच. गिअरबॉक्सचं तेल शेवटचं कधी बदललं होतं ते घरात कुणालाच आठवेना. मग एक दिवस सुरू केली, ‘डी’वर टाकली, तर इंजिन गुरगुरतंय आणि गाडी ढिम्म. दोष गाडीचा नाही, आमचाच. टो करून लालबागला आणली.

मिस्त्रींनी खाली सरपटून पाहिलं आणि बाहेर येऊन हात पुसले. ‘‘ताई, ऑटोमॅटिकचा बॉक्स गेला. सामान शोधत बसाल तर म्हातारे व्हाल. मॅन्युअल करून टाकू?’’

आता हे ऐकायला सोपं वाटतं. काढा एक, लावा दुसरा. तसं नसतं, बॉस. ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर बसतो. हा तेलाने भरलेला बंद डबा. इंजिनाकडचा पंखा तेल फिरवतो, त्या तेलाच्या जोराने समोरचा पंखा फिरतो. म्हणून तर सिग्नलला गिअरमध्ये उभी राहूनही गाडी बंद पडत नाही. मॅन्युअल करायची तर हा डबा आणि तो ज्या पातळ चकतीवर बसतो ती चकती, दोन्ही जातात. त्या जागी जड फ्लायव्हील, त्यावर क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. फ्लायव्हील जाड, म्हणून तिचे बोल्टही लांब लागतात. जुनेच बोल्ट वापरले तर काय होईल, असं मी विचारलं. मिस्त्री नुसते हसले.

हे झालं बॉनेटखालचं. आत पायाशी तिसरं पेडल हवं, त्याची केबल हवी, गिअरची दांडी आणि खालच्या जोडण्या हव्यात. गिअरबॉक्स ज्या रबरांवर टेकतो त्या ‘फाउंडेशन’ची जागा बदलू शकते, चाकांकडे जाणाऱ्या ॲक्सलचं मापही. शेवटी वायरिंग. ऑटोमॅटिकला ‘पी’ किंवा ‘एन’मध्ये असल्याशिवाय सेल्फ लागत नाही, तो स्विच जुन्या बॉक्सबरोबर गेला की सगळं नीट जोडूनही चावीला कुत्रं विचारत नाही. तिथल्या वायरी जोडून द्याव्या लागतात. त्यानंतर गाडी गिअरमध्ये असतानाही सुरू होते, म्हणजे चावी फिरवण्याआधी न्यूट्रल तुम्हीच बघायचं.

मिस्त्रींचा सल्ला एकच, आणि तो मला पटला. सुटे भाग जमवत फिरू नका, भंगारात निघालेल्या एकाच मॅन्युअल झेनचं सगळं सामान उचला, पेडलपासून ॲक्सलपर्यंत. ते कुर्ल्याच्या भंगार बाजारात मिळालं. पण झिजणाऱ्या वस्तू कोऱ्याच घ्यायच्या, आणि त्यासाठी ऑपेरा हाऊस.

चर्नी रोडला उतरा आणि चालायला लागा. १९११ साली पाचव्या जॉर्जच्या हस्ते उघडलेलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू झालेलं रॉयल ऑपेरा हाऊस सगळे बघतात. मागच्या गल्ल्यांत, खेतवाडीच्या अंगाला, गाड्यांच्या स्पेअर पार्ट्सची दुकानं आहेत, तिकडे सेल्फीवाले फिरकत नाहीत. दुकान हातभर रुंद, माल छतापर्यंत. गाडीचं नाव आणि साल सांगायचं, की शेठ मान वर न करता पोऱ्याला हाक मारतात. मी ‘झेन ऑटोमॅटिक’ म्हणाले तेव्हा मात्र त्यांनी मान वर केली. ‘‘ऑटोमॅटिकला क्लच प्लेट?’’ मी सगळं सांगितलं. मग चहा आला.

मिस्त्रींचे वडील गिरणीत फिटर होते, १९८२च्या संपापर्यंत. त्यानंतर हे गॅरेज. त्यांच्याकडून आलेल्या गोष्टी मिस्त्री काम करता करता सांगतात. जनरल मोटर्सने १९२८ साली इथून जवळच, शिवडीला, गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. तो १९५४ मध्ये बंद झाला. अमेरिकेत ओल्डस्मोबिलने १९४०च्या मॉडेलपासून ऑटोमॅटिक गिअर दिला आणि पुढे तसल्या लांबलचक गाड्या मुंबईतही आल्या. मग आयातीवर निर्बंध, पार्ट मिळेनात, पेट्रोल परवडेना. तेव्हा गॅरेजवाल्यांनी त्यांत डिझेल इंजिन आणि साधा हाताचा गिअर बसवला.

ते काम खरं कठीण. दोन कंपन्यांच्या बोल्टांची भोकं जुळत नाहीत, म्हणून मध्ये लोखंडी पाट घालायचा, त्याला दोन्हीकडची भोकं पाडायची. मधला केंद्रबिंदू केसभर जरी सरकला तरी बेअरिंग ओरडायला लागतं. कॉम्प्युटर नव्हता, लेथ होता आणि गिरणीत मुरलेला हात. त्यापुढे आमची झेन म्हणजे, मिस्त्रींच्या भाषेत, ‘‘घरचंच कार्य’’.

(कायद्याचंही बघून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२वर जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आलाय, कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही असा. काम काढण्याआधी ताडदेव आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारणं शहाणपणाचं.)

एवढं सगळं ठरत असताना एक प्रश्न मी टाळत होते. मॅन्युअल झाली की बाबा ती चालवणार कशी? २०१४ मध्ये सेलेरियो आल्यापासून क्लच नसलेल्या गाड्या स्वस्तात मिळायला लागल्यात. तसली एखादी घेऊ, असं मी रात्री जेवताना हळूच म्हटलं. बाबांनी आमटी वाढून घेतली. ‘‘मी एकाहत्तरचा आहे. गेल्या वर्षी दादर टीटीला सायकलवाला दिसलाच नव्हता मला. तुम्हाला सांगितलं नाही. झेन ठेव. तू चालव.’’

आई काही बोलली नाही. मीही नाही.

चौथ्या शनिवारी बाबा टॅक्सीने लालबागला आले. वाकून तिसरं पेडल पाहिलं, हाताने दाबून पाहिलं. मग दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. त्या सीटवर मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते. परळ नीट पार पडलं. हिंदमाताच्या सिग्नलला मी क्लच सोडला आणि गाडी आचका देऊन बंद. मागून बेस्टचा हॉर्न.

‘‘माझ्या हातून एकदाही बंद पडली नव्हती हं,’’ बाबा म्हणाले. चावी फिरवली. गाडीने नुसती पुढे उडी मारली. ‘‘आधी न्यूट्रल बघ.’’ बघितलं. लागली. ‘‘आता डावा पाय सोड. हळू. अजून हळू.’’