‘असतील कुणबिणी’

वायकिंगांबद्दल मी फार चवीनं बोलायचो. ही माणसं गलबतांतून यायची, बायका धरून न्यायची, विकायची. घराच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या मालकिणीला त्यांच्याकडे ‘हूसफ्रेया’ म्हणत आणि गुलाम बाईला ‘अंबात्त’. ‘‘गुलाम बाईला वेगळा शब्द! बघा म्हणजे,’’ असं म्हणून मी पुस्ती जोडायचो, ‘‘आपल्याकडे नव्हतं हो असलं काही.’’

रविवारी पाहुण्यांना पुण्यातला कात्रजचा तलाव दाखवायचा, हा माझा जुना छंद. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी इथून शनिवारवाड्यापर्यंत पाणी नेलं, तेही नुसत्या उतारावर. वाटेत हवेसाठी उच्छ्वास बांधले, पेठांतले हौद भरले. सगळं तोंडपाठ. एकदा एका शाळकरी मुलीनं विचारलं, ‘‘हौदापासून घरात पाणी कोण न्यायचं?’’

‘‘असतील कुणबिणी.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्हणजे... कामवाल्या बायका.’’

उत्तर देताना जीभ जराशी अडखळली, म्हणून घरी येऊन मोल्सवर्थ साहेबाचा मराठी-इंग्रजी कोश उघडला. कुणबीण म्हणजे गुलाम बाई. आधी वाटलं, साहेबाला कळलं नसेल. मग पेशवाईवरची पुस्तकं काढली, माझ्याच कपाटातली. विकत घेतलेल्या कुणबिणी, बक्षीस दिलेल्या कुणबिणी. कोठीत, पागेत, किल्ल्यांवर राबणाऱ्या. बदकर्माचा ठपका आलेल्या बाईलाही सरकार कुणबीण करून ठेवी. ही पानं मी पूर्वी वाचलेली होती. पेन्सिलीच्या खुणा होत्या, पण त्या कारंज्यांच्या आणि हौदांच्या ओळींखाली. कुणबिणींच्या ओळी कोऱ्या. मला माहीत नव्हतं असं नाही. मला ते नको होतं.

त्या रात्री आई आठवली. जेवताना चौथ्यांदा हाक मारली की पिठाच्या हातानं कपाळावरचे केस सारत म्हणायची, ‘‘मी काय बटीक आहे का तुमची?’’ आम्ही हसायचो. बटीक म्हणजेही गुलाम बाईच. वायकिंगांचा शब्द मी हौसेनं पाठ केला. आईच्या तोंडचा शब्द कोशात बघायला मला साठी ओलांडावी लागली.

हल्ली मी तलावाची गोष्ट हौदापाशी थांबवत नाही. पुढे कुणबिणींचंही सांगतो, ‘गुलाम’ हा शब्द न गिळता. पण ती मुलगी कुठली, कोणाबरोबर आली होती, मला ठाऊक नाही. तिला मात्र मी ‘कामवाल्या बायका’ असंच सांगून ठेवलंय.