शनिवारची वही

शनिवारीं रात्रीं जेवणें आटोपून घरांतील मंडळी निजानीज करूं लागली, कीं मी टेबलाच्या खणांतून माझी वही काढतों. गेलीं एकवीस वर्षें हा क्रम चालू आहे. वही अगदीं साधी, वाण्याच्या जमाखर्चाला शोभेल अशी लाल कापडी पुठ्ठ्याची. आमची सौभाग्यवती तिला ‘माझी धाकटी सवत’ म्हणते. ही सवत आठवड्यांतून एकदांच तोंड दाखविते, म्हणून घरांत अजून शांतता आहे एवढेंच!

‘शनिवारच कां?’ असें कोणीं विचारलें तर मला पुष्कळ पांडित्य दाखवितां येतें. कोंकणांतले बेने इस्राएल लोक तेलाचा धंदा करीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. ख्रिस्ती लोकांनीं विसाव्याचा वार एका दिवसानें पुढें नेला तो प्रभूच्या पुनरुत्थानाच्या स्मरणार्थ. आणि ३२१ सालीं कॉन्स्टंटाइन बादशहानें त्या वाराला कायद्याचा आधार दिला. आमच्या मुंबईच्या गिरणी-कामगारांना मात्र रविवारची सुटी मिळण्यास १८९० साल उजाडावें लागलें, आणि तेंहि नारायण मेघाजी लोखंडे कित्येक वर्षें झगडले तेव्हां. शिवाय रविवार हा खंडोबाचाहि वार. सारांश, माणसाला दमून बसण्यासाठीं देवाची साक्ष लागते, मग तो देव कोणताहि असो.

पण हें पांडित्य बाजूला ठेवलें, तर खरें कारण इतकेंच कीं शनिवारची रात्र ही आठवड्याचा कांठ आहे. संध्याकाळपासून घरांत उद्यांची धांदल उडालेली असते. कपड्यांना इस्तरी होते, मुलांच्या बुटांना पॉलिश लागतें, दानाच्या पाकिटासाठीं कोरी नोट शोधली जाते, आणि ‘उपासना संगीत’ दर शनिवारीं हरवतें तें दर शनिवारीं त्याच कपाटामागें सांपडतें. उद्यां मटण आणावें कीं कोंबडी, या प्रश्नावर जितका खल होतो तितका पाळकसाहेबांच्या प्रवचनावर कधीं झाल्याचें मला आठवत नाहीं. ही सारी गडबड निवाली, कीं सहा दिवसांचा हिशेब मांडून सातव्या दिवसाला सामोरें जावें, असें मनाला वाटूं लागतें.

वही लिहिणाऱ्यांची जात मोठी आहे. सॅम्युएल पीप्स या इंग्रज गृहस्थानें १६६० पासून १६६९ पर्यंत रोजनिशी लिहिली, ती लघुलिपींत. म्हणजे कोणीं पाहिली तरी ती सहज वाचतां येऊं नये! देवळांत प्रवचन चालू असतांना आपल्याला डुलकी लागली, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें टिपून ठेवलें आहे. हें वाचल्यापासून त्याच्याविषयीं मला बंधुभाव वाटूं लागला. याच्या उलट संत ऑगस्टीन. त्यानें आपले ‘कबुलीजबाब’ थेट देवाला उद्देशून लिहिले, आणि सर्व कांहीं जाणणाऱ्या देवाला हें सांगण्याचें प्रयोजन काय, असा प्रश्नहि स्वतःच उपस्थित केला. आणि आमच्या लक्ष्मीबाई टिळक! १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला तेव्हां त्यांच्यावर काय प्रसंग कोसळला असेल, याची कल्पनाच करावी. पण १९३४ पासून प्रसिद्ध झालेलीं त्यांचीं ‘स्मृतिचित्रें’ वाचतांना कोणाची कागाळी ऐकल्यासारखें वाटत नाहीं. त्या सर्वांत जास्त हंसतात त्या स्वतःलाच.

मी या तिघांपैकीं कोणाच्या जातीचा, याचा मी कधीं विचार केला नव्हता. माझी समजूत अशी, कीं मी देवासमक्ष लिहितों. ती समजूत गेल्या हिवाळ्यांत पार मोडली.

चार वर्षांपूर्वीं आमची आई गेली. नगरच्या घरांतील (२०२४ पासून गांवाचें नांव अहिल्यानगर झालें असलें, तरी आमच्या तोंडीं तें नगरच!) चीजवस्तूंची वांटणी झाली. भांडींकुंडीं, कपाटें, शिवणयंत्र यांवरून आम्हां दोघां भावांत शब्दानेंहि वाद झाला नाहीं. वाद झाला तो बायबलावरून. त्या जुन्या बायबलाच्या आरंभींच्या कोऱ्या पानांवर आबांनीं आपल्या हातानें घरांतील प्रत्येकाचा जन्म, बाप्तिस्मा आणि मृत्यु यांच्या तारखा लिहून ठेविल्या होत्या. दादानें तें उचलून आपल्या पेटींत ठेवलें. थोरला मुलगा म्हणून तो त्याचा अधिकारच होता. पण मी चारचौघांत बोलून गेलों, “दादा, तुला तें वाचायला नको आहे, मिरवायला हवें आहे.” दादा कांहीं बोलला नाहीं. त्यानें पेटीचें झांकण लावलें. त्यानंतर तीन वर्षें आम्ही लग्नाकार्यांत एकमेकांना ‘सलाम’ करीत होतों, आणि त्यापलीकडे कांहीं नाहीं.

आमच्या मंडळींत महिन्याच्या पहिल्या रविवारीं प्रभुभोजनाचा विधि असतो. डोंगरावरच्या प्रवचनांत प्रभूनें सांगितलेली गोष्ट त्या वेळीं हटकून आठवते: वेदीपाशीं अर्पण आणल्यावर भावाची आठवण झाली, तर अर्पण तसेंच ठेवून आधीं त्याच्याशीं समेट करावा. पूर्वीं मला वाटे, आपल्या मनांतला राग काढून टाकला म्हणजे झालें. परंतु तेथें आपल्या रागाचा उल्लेखच नाहीं. भावाच्या मनांत आपल्याविरुद्ध कांहीं असेल तर उठून जा, असें म्हटलें आहे. म्हणजे माझें अंतःकरण कितीहि स्वच्छ झालें, तरी पायपीट मलाच करावयाची!

गेल्या डिसेंबरांतला असाच एक प्रभुभोजनापूर्वींचा शनिवार. लिहिण्यापूर्वीं मीं सहज मागलीं पानें चाळूं लागलों. पाहतों तों, प्रत्येक महिन्याच्या त्या शनिवारीं दादाचा विषय आहे! ‘त्याची क्षमा मागितली पाहिजे’, ‘या आठवड्यांत त्याला पत्र लिहीन’, ‘हें ओझें आतां सोसवत नाहीं’. छत्तीस महिने, छत्तीस शनिवार. भाषा उत्तम, कांहीं ठिकाणीं तर माझें मलाच भरून आलें. एके ठिकाणीं मीं ‘जळत्या पश्चात्तापानें’ असें लिहिलें होतें, आणि ‘जळत्या’ हा शब्द खोडून वर ‘धगधगत्या’ असा घातला होता.

त्या एका खोडलेल्या शब्दाकडे मी पाहातच राहिलों. देवाला ‘जळता’ पश्चात्ताप पुरला नसता काय? मग हें विशेषण मीं कोणासाठीं बदललें? कोणीतरी पुढें ही वही उघडील, आणि काय हळवा, काय धार्मिक माणूस होता हा, असें म्हणेल, त्या वाचकासाठीं! दादाला मीं जें म्हटलें होतें तें मलाच लागू होतें. त्याचें बायबल पेटींत होतें. मिरवीत होतों मी. आणि दर महिन्याला पश्चात्ताप लिहून टाकल्यामुळें तो करण्याचें कारणच उरलें नव्हतें.

रात्रीचे साडेदहा वाजले होते. मीं फोन लावला.

“काय रे, कोण आजारी आहे?” दादाचा पहिला प्रश्न.

“कोणी नाहीं. दादा, आई गेली तेव्हां बायबलाविषयीं मी जें बोललों...”

मला पुढें बोलवेना. पलीकडेहि बराच वेळ कांहीं आवाज नव्हता. मग तो म्हणाला, “तूं बोललास तें अगदींच खोटें नव्हतें. मीं तें वाचीत नाहीं. अक्षर फार बारीक आहे, चष्मा लावूनहि दिसत नाहीं. आबांचें अक्षर पाहायला मात्र मधूनमधून उघडतों. तुझ्या जन्मतारखेंतला एक आंकडा त्यांनीं खोडून पुन्हा लिहिला आहे. आईला विचारून दुरुस्त केला असेल.” आणि जरा थांबून, “पुण्याला थंडी आहे का रे? इथें फार पडली आहे.”

‘क्षमा’ हा शब्द आम्हां दोघांपैकीं कोणीहि उच्चारला नाहीं. ती पुरती मागितली गेली असें मी म्हणणार नाहीं. तीन वर्षांचें अंतर तीन मिनिटांत तुटत नाहीं. दुसऱ्या दिवशीं भाकर आणि द्राक्षरस घेतांना माझा हात नेहमींपेक्षां अधिक कांपत होता, एवढें खरें. पुढें दोन महिन्यांनीं आम्ही सहकुटुंब नगरला गेलों. बायबल अद्याप दादापाशींच आहे, आणि तेथेंच असावें असें मला आतां वाटतें. आबांनीं दुरुस्त केलेला तो आंकडा मीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिला.

वही मीं सोडलेली नाहीं. व्यसन जडलें तें जडलें. त्या शनिवारच्या पानावर मात्र एकच ओळ आहे: ‘दादाशीं बोललों. नगरला थंडी फार.’ तिच्यांत एकहि विशेषण नाहीं, आणि अजूनपर्यंत तरी तेथें एखादें घालावें असें मला वाटलेलें नाहीं.