केक नको, कानटोपी



प्राण्याच्या आकाराचा केक कापावा की नाही, यावर आपल्या स्वाध्यायात एकदा तासभर बोलणं झालं होतं. आठवत असेल. तेव्हा सगळ्यांचं एकमत झालं आणि आपण चहाला उठलो. एकमत व्हायला काय जातं? ज्या घरात चार वर्षांचं लेकरू डायनासोरवर जीव टाकून बसलेलं असतं, तिथे तो प्रश्न खरा उभा राहतो.

आमच्या पुण्याच्या नातवाचा चौथा वाढदिवस डिसेंबरात होता. सुनेने घरच्या ग्रुपवर केकचा फोटो टाकला. हिरवा डायनासोर, ताटात पाय दुमडून बसलेला, डोळे टक्क उघडे. केक बिनअंड्याचा होता, जिलेटिन घातलेलं नाही हेही तिने विचारून घेतलं होतं. अशा बाबतीत ती माझ्याहून काटेकोर आहे. तरी मी लिहिलं, "हा केक नको."

लगेच फोन आला. "आई, मैदा, साखर आणि क्रीम आहे. प्राणी कुठं आहे त्यात?"

मी म्हटलं, "पोराच्या हातात सुरी देऊन पहिल्यांदा मान कापायला लावणार ना? आणि आपण सगळे टाळ्या वाजवणार."

ती गप्प झाली. मग म्हणाली, "त्याला सांगून झालंय. आता तुम्हीच समजवा." आवाजात राग होता, आणि तो रास्तच होता. त्यानंतरचे चार दिवस फोन झाले ते फक्त औषधं घेतली का आणि मावशी आली का एवढ्यापुरते.

माझ्या मनात होता तो यशोधर राजाचा कोंबडा. उज्जयिनीच्या राजाला वाईट स्वप्न पडलं. आई चंद्रमती म्हणाली, देवीला बळी दे. जिवंत जीव मारायला तो तयार होईना, म्हणून तोडगा निघाला, पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यायचा. पीठच ते, रक्त नाही की प्राण नाही. पण मारतोय हा भाव होताच. पुढे मायलेकांना मोर, कुत्रा अशा किती योनींतून फिरावं लागलं, ते आपण लहानपणापासून ऐकत आलोय. गृहस्थाला चुलीची, शेताची, धंद्याची हिंसा पूर्ण टाळता येत नाही, पण संकल्पी हिंसा सोडता येते. वाढदिवसाच्या केकमध्ये कुणाच्या मनात बळी नसतो, हे मलाही कळतं. पण चार वर्षांच्या पोराचा हात काय शिकतो, हे त्याच्या मनाला विचारून ठरत नाही.

सुनेचा पुढचा प्रश्न तयारच होता. "मग प्राणी करायचाच नाही का? बेंदराला मातीचे बैल करताच ना तुम्ही?" करतो की! मातीचे बैल करतो, त्यांना रंगवतो, ओवाळतो, नैवेद्य दाखवतो. त्यांच्या गळ्यावर सुरी कोण ठेवतं? या तिच्या प्रश्नातूनच मला वाट सापडली. डायनासोर करायचा, पण तो कापायचा नाही, डोक्यावर घालून मिरवायचा. पुण्यात डिसेंबरात सकाळी शाळेची बस येते तेव्हा चांगलीच थंडी असते, आणि आमचं बाळ टोपी म्हटलं की डोकं हलवून पळतं. डायनासोरची कानटोपी मात्र काढणार नाही, अशी माझी अटकळ होती. सुनेला सांगितलं तर म्हणाली, "करा." एवढंच.

आता थोडं लोकरीविषयी. आपण दुकानात जाऊन 'लोकर द्या' म्हणतो आणि मिळतं बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिक. माझ्या गुंड्यावर वर्धमानचं लेबल होतं आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक लिहिलेलं होतं, ते वाचूनच घेतलं. मेंढीची लोकर निषिद्ध आहे असं मी म्हणत नाही. श्वेतांबर साधूंचा ओघा लोकरीचाच असतो. पण कातरताना त्या मुक्या जिवाला काय होतं हे आपल्याला दिसत नाही, आणि धुऊन धुऊन टिकणारी, अंगाला न टोचणारी वस्तू हाताशी असताना तिकडे जायचं कशाला? सुती दोऱ्याची टोपीही करून पाहिली आहे मी, पण ती जड होते, ओली झाली की लवकर वाळत नाही आणि ऊबही बेताचीच. हिरवं साधारण 70 ग्रॅम लागलं, पिवळं 25 आणि पांढरं अगदी थोडं.

माप सुनेकडूनच मागवलं. डोक्याचा घेर 50 सेंटिमीटर. टोपी घेराहून दोन-तीन सेंटिमीटर लहान ठेवायची, म्हणजे ताणून नीट बसते. सत्तेचाळीस धरले आणि त्याला तीन पूर्णांक चौदाने भागलं की वरच्या चकतीचा व्यास 15 येतो. चकती 15 सेंटिमीटरची झाली की टाके वाढवणं थांबवायचं, एवढं लक्षात ठेवलं तर कुठल्याही डोक्याची टोपी जमते, नमुन्याचं पुस्तक लागत नाही. मी 4 मिलिमीटरची सुई घेतली, सरकत्या फासात 10 अर्धे खांब घातले आणि दर फेरीला 10 वाढवत सातव्या फेरीत 70 वर आले. नंतर न वाढवता सरळ फेऱ्या, मधोमधपासून काठापर्यंत 18 सेंटिमीटर होईस्तोवर. दोन्ही बाजूंना 14 टाक्यांवर कान काढले, दर ओळीला दोन्हीकडून एकेक टाका कमी करत. कानाला बांधायचे गोंडे आणि दोऱ्या मुद्दाम लावल्या नाहीत. घसरगुंडीवर गळ्याशी कुठे अडकल्या तर जिवाशी खेळ. डोळेही प्लॅस्टिकचे न लावता विणूनच केले. पोरं ते उपटतात आणि तोंडात घालतात.

पाठीवरच्या काट्यांचं सांगते, कारण तिथेच बहुतेकींची टोपी मान टाकते. एकेरी त्रिकोण उभा राहत नाही. टोकाला दोन मुके खांब घ्यायचे आणि दर ओळीला एक वाढवत आठवर यायचं. असे दोन तुकडे पाठीला पाठ लावून कडेने जोडले की काटा आपोआप ताठ राहतो, आत कापूस भरायलाही लागत नाही. मधले तीन मोठे केले, पुढचा आणि मागचा सहा टाक्यांवर थांबवून लहान ठेवले.

एवढं झाल्यावर व्हिडिओ कॉलवर दाखवलं. बाळाने बघितलं आणि निकाल दिला, "आज्जी, टी-रेक्सला काटे नसतात. ते स्टेगोसॉरसला असतात. तो पाला खातो."

काटे वर धरून दाखवले, मग बाजूला घेऊन नुसती टोपी दाखवली. नुसती टोपी बेडकासारखी दिसत होती. खरं सांगायचं तर मला ती मगरीसारखी वाटली आणि नववे तीर्थंकर पुष्पदंत आठवले, त्यांचं लांछन मगरच. बाळाने थोडा विचार केला. काटे असू देत म्हणाला, पण दात हवेत. टी-रेक्सचे. मोठे.

दुसऱ्या दिवशी मंदिरात हे सांगितलं तर आमच्या एक अक्का म्हणाल्या, "केक नको म्हणालीस आणि आता लेकराच्या डोक्यावर मांस खाणारं जनावर चढवतेस होय? पाला खाणारं कर की एखादं." त्यांचं म्हणणं मी उडवून लावलं नाही. घरी येऊन शोधलं, तर पाला खाणारा एक आपल्या महाराष्ट्रातच निघाला! चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला त्याची हाडं सापडली. नाव आयसिसॉरस. आयएसआय म्हणजे कोलकात्याची इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, तिच्यावरून हे नाव पडलं. सांख्यिकीच्या संस्थेला डायनासोरशी काय घेणं, असं कॉमर्सवाल्या मला वाटलं, पण तिथे भूगर्भशास्त्राचाही विभाग आहे. आणि 1997 मध्ये या प्राण्याचं वर्णन ज्या दोघांनी प्रसिद्ध केलं त्यांची आडनावं जैन आणि बंडोपाध्याय! वाचून मला उगीचच हुरूप आला. त्याच जिल्ह्यात पिसदुऱ्याला दगड झालेली विष्ठा सापडते. तिच्यात गवताचे सूक्ष्म अवशेष मिळाले आणि 2005 मध्ये ते जगासमोर आले. त्याआधी डायनासोरच्या काळात गवत नव्हतंच असं मानत असत. म्हणजे आमचा चंद्रपूरकर शाकाहारी होता याचा पुरावा त्याच्या पोटातूनच निघाला.

हे सगळं मी मोठ्या उत्साहाने बाळाला सांगितलं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला मोठे दात होते?" नव्हते. संपलं.

मग त्याने दुसरा प्रश्न विचारला, तो मात्र मनात रुतून बसला. "आज्जी, टी-रेक्स मांस खातो म्हणजे तो वाईट आहे का?" बालवाडीत त्याच्या शेजारच्या मुलाच्या डब्यात अंडं असतं. प्रश्न नुसत्या डायनासोरचा नव्हता, हे मला कळलं. पडद्याच्या एका कोपऱ्यात सून कणीक मळत होती. तिचे हातही थांबले.

मी त्याला सिंहाची गोष्ट सांगितली. महावीर भगवंतांच्या एका पूर्वभवातला तो सिंह. हरणाची शिकार करून खायला बसणार, तोच आकाशातून दोन चारण मुनी उतरले. ते सिंहाला घाबरले नाहीत आणि त्याला वाईट म्हणाले नाहीत. तू कोण होतास आणि कोण होणार आहेस, एवढं त्याला सांगितलं. सिंहाच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने मांस सोडलं. आपल्याकडे संज्ञी पंचेंद्रिय तिर्यंचालाही अणुव्रतं घेता येतात, पाचव्या गुणस्थानापर्यंत पोचता येतं. हे शब्द त्याला सांगितले नाहीत, तुम्हाला सांगतेय. त्याला म्हटलं, तुझ्या मित्राशी खेळायचं, त्याच्या डब्याला नावं ठेवायची नाहीत आणि आपण खायचं नाही.

बाळ म्हणाला, "मग टी-रेक्सकडे मुनी नाही आले?"

मला हसू आलं आणि गलबलूनही आलं. म्हटलं, माहीत नाही रे. सून तिकडून म्हणाली, "आई, ही सिंहाची गोष्ट मी नव्हती ऐकली." चार दिवसांनी ती पहिल्यांदा माझ्याशी माझ्यासाठी बोलली.

तर दात लावले. महावीर भगवंतांच्या मूर्तीखाली सिंह कोरतात तेव्हा त्याचे दात-नखं काढून कुणी कोरत नाही. समवसरणाच्या चित्रात गाईशेजारी बसलेला असतो तोही पूर्ण सिंहच असतो. पुढच्या 24 टाक्यांवर चार-चार टाक्यांचे सहा दात घेतले, प्रत्येक दीड सेंटिमीटरचा, म्हणजे डोळ्यांवर येत नाहीत. पांढरी लोकर घरात नव्हती. जपमाळेच्या पिशव्या विणल्या होत्या त्यातला सुती दोरा उरला होता, तो दुहेरी करून वापरला. हे अक्कांना अजून सांगितलेलं नाही. आता वाचतीलच.

वाढदिवसाला केक गोल आला, वर नुसती क्रीमची झाडं. बाळाने टोपी घालून तो कापला, आणि मधेच एकदा सुरी ठेवून सगळ्यांवर गुरगुरून घेतलं. सुनेचं सगळं पटलं आहे असं नाही. तिच्या डब्यात प्राण्यांच्या आकाराची बिस्किटं असतात आणि ती म्हणते, रोज हत्तीचं डोकं चावून खातो त्याचं काय? यावर माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर नाही. माझ्या घरी ती बिस्किटं येत नाहीत, आणि तिच्या घरी मी डबा उघडत नाही.

टोपी साध्या साबणाच्या पाण्यात हाताने धुवायची, पिळायची नाही, टॉवेलवर आडवी वाळत घालायची. दोरीवर टांगली की कान लांबतात. सध्या दुसरी सुरू केली आहे, सुनेच्या मैत्रिणीच्या मुलीसाठी. रंग जांभळा. तिला दात नकोत, पापण्या हव्यात. पापण्या ताठ कशा ठेवायच्या हे कुणाला जमत असेल तर रविवारी अभिषेकानंतर मला गाठा, सुई-दोरा घेऊनच येते.