अम्मींना बसवून ठेवणारे आम्हीच होतो

आमच्या अम्मींना पंधरा वर्षांपासून दमा आहे. घरात दम्याचा रुग्ण असला की घरच्यांची एक भाषाच तयार होते. "अम्मी, तुम्ही बसा." "अम्मी, पाणी आम्ही आणतो." "जिना चढू नका, धाप लागेल." आम्ही दोघेही शिक्षक, उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळेत दिवसभर मुलांना "उभे राहा, बोला" म्हणायचे आणि घरी येऊन आईला "बसा" म्हणायचे, असे आमचे चालले होते. त्यात माया होती आणि खिदमतीची नियतही होती. पण त्याच मायेने अम्मींच्या पायांतले बळ गेले, हे समजायला आम्हाला फार उशीर झाला.

अम्मींची थोरली बहीण, आमच्या खाला, भवानी पेठेत एका जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. गुडघ्यांमुळे त्या खाली उतरू शकत नाहीत आणि दम्यामुळे अम्मी वर चढू शकत नव्हत्या. आम्ही राहतो कोंढव्यात, म्हणजे रिक्षाने अर्ध्या तासाचे अंतर. तरी दीड वर्ष दोघी बहिणी फक्त फोनवर बोलत होत्या. एका ईदला आम्ही अम्मींना वाड्याच्या दारात रिक्षातच बसवले आणि शीरखुर्म्याचा डबा घेऊन वर गेलो. खाला खिडकीशी आल्या, अम्मींनी खालून हात हलवला. घरी परतताना रिक्षात कोणीच काही बोलले नाही.

त्यानंतर आम्ही अम्मींना छातीच्या विकारांच्या एका तज्ज्ञ डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तपासले, फुंकर मारायची चाचणी घेतली, इन्हेलर कसा ओढता ते करून दाखवायला सांगितले. मग विचारले, "घरात यांना काय काय करू देता?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "काहीच नाही, डॉक्टरसाहेब." ते हसले नाहीत. म्हणाले, "मग अर्धा आजार दम्याचा आहे आणि अर्धा बसून राहण्याचा."

त्यांनी समजावले ते असे. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज येते आणि त्या आवळतात. त्यासाठी सूज कमी करणारा इन्हेलर रोज घ्यायचा असतो आणि लगेच आराम देणारा औषधाचा झोत गरजेला हाताशी ठेवायचा असतो. पण धाप लागते म्हणून माणूस चालणे सोडतो. चालणे सुटले की पायांचे स्नायू दुबळे होतात. दुबळ्या स्नायूंना तेवढ्याच कामासाठी जास्त श्वास लागतो, म्हणून आधीपेक्षा लवकर धाप लागते. मग माणूस आणखी घाबरतो आणि आणखी बसतो. हे चक्र औषधाने एकट्याने तुटत नाही. ते तोडण्यासाठी औषधाच्या जोडीला मोजूनमापून व्यायाम द्यावा लागतो. याला 'पल्मनरी रिहॅबिलिटेशन', म्हणजे फुप्फुसाच्या रुग्णांचे पुनर्वसन, म्हणतात.

हे काही परदेशातलेच खूळ नाही. आपल्या पुण्यातल्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने ब्रिटनच्या लेस्टर विद्यापीठाबरोबर 'ग्लोबल रिचार्ज' या प्रकल्पात यावर काम केले आहे. भारताबरोबर श्रीलंका, युगांडा आणि किर्गिझस्तान हे देशही त्यात होते. 2022 साली कॉक्रेन या संस्थेने दमा असलेल्या प्रौढांवरील अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात चालण्याची ताकद आणि रोजचे जगणे सुधारल्याचे दिसले. दमा स्वतः किती आटोक्यात येतो, याबाबत मात्र फारसा फरक दिसला नाही. म्हणून इन्हेलर सुटत नाही, हे डॉक्टरांनी आम्हाला तीनदा सांगितले.

अम्मींचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा होता. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी विभागात आणि बाकीचे दिवस घरी. पहिल्या दिवशी सहा मिनिटांची चाल मोजली. 30 मीटरच्या व्हरांड्यात दोन टोकांना खुणा ठेवतात आणि सहा मिनिटांत जमेल तेवढे चालायचे. बोटाला ऑक्सिजन मोजणारे यंत्र लावलेले. अम्मी तीनदा थांबल्या आणि 210 मीटर चालल्या. व्यायाम करून घेणारी मुलगी आमच्या विद्यार्थिनींच्या वयाची होती. तिने अम्मींना शून्य ते दहा अशी धाप मोजायला शिकवले. तीन-चारपर्यंत धाप लागू द्यायची, तिला घाबरायचे नाही. सहा-सात झाली तर थांबायचे. अम्मींना आयुष्यात पहिल्यांदा कळले की प्रत्येक धाप म्हणजे दम्याचा झटका नव्हे.

घरचा व्यायाम साधाच होता. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आधी इन्हेलर, मग दहा मिनिटे अगदी सावकाश चालून अंग मोकळे करायचे, मग थोडे वेगाने. खुर्चीवरून हात न टेकता उठायचे आणि बसायचे, दहा वेळा. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्या दोन्ही हातांत घेऊन वर उचलायच्या. नाकाने श्वास घ्यायचा आणि चहा फुंकावा तसे ओठ आवळून सावकाश सोडायचा. छातीत शीळ वाजत असेल किंवा ताप असेल, त्या दिवशी सुट्टी. थंडीतल्या पहाटे आणि फटाक्यांच्या दिवसांत बाहेर न जाता घरातल्या बोळातच फेऱ्या.

आम्हालाही काही बदलावे लागले. दर जुमेरातीला घरात लोबान जाळायची आमची जुनी रीत होती. तो धूर अम्मींच्या छातीला बाधतो, हे आम्ही कधी लक्षातच घेतले नव्हते. ती बंद केली. रमजानच्या महिनाभर आधी डॉक्टरांना भेटून इन्हेलरच्या वेळा सहरी आणि इफ्तारला बसवून घेतल्या आणि चालणे इफ्तारनंतर ठेवले. रोज्यात इन्हेलर घेण्याबद्दल उलेमांची मते वेगवेगळी आहेत, ते आपापल्या आलिमांना विचारावे. पण दम्याचा झटका आला तर वाट पाहायची नाही, लगेच इन्हेलर घ्यायचा. आजाऱ्याला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत अल्लाहनेच दिली आहे.

सर्वांत अवघड बदल आमच्या जिभेचा होता. अम्मी भाजी निवडून स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या की तोंडातून "बसा" निघायचेच. मग आमची धाकटी मुलगी आम्हाला दटावायची, "दादींना करू द्या ना!"

आठ आठवड्यांनी पुन्हा चाल मोजली, 290 मीटर भरली. अम्मी एकदाच थांबल्या. फर्ज नमाज त्या आता उभ्या राहून पढतात.

पुढच्या रविवारी आम्ही भवानी पेठेत गेलो. वाड्याचा जिना लाकडी, अरुंद, धरायला वरून सोडलेला दोर. आम्ही हात पुढे केला, अम्मींनी तो बाजूला सारला आणि दोर धरला. पाच पायऱ्या, मग थांबून ओठ आवळून श्वास. पहिल्या मजल्यावर दोन मिनिटे बसल्या. वर पोहोचायला बारा मिनिटे लागली. दारात खाला उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतनी देर लगाई?" अम्मी म्हणाल्या, "दीड साल लगा, आपा."

अम्मींचा दमा गेलेला नाही. इन्हेलर रोज चालू आहे आणि व्यायाम सोडला की महिन्याभरात पाय पुन्हा मागे जातात, हेही आम्ही एका पावसाळ्यात पाहिले. तुमच्या घरात कोणी असे बसून असेल, तर आपल्या डॉक्टरांना एवढेच विचारा, "यांना किती चालवू आणि कसे?" आम्ही हा प्रश्न पंधरा वर्षे विचारलाच नव्हता.