कोपभवन

सवयीने मी पोळीचे चार तुकडे केले आणि अनर्थ झाला. चार वर्षांच्या लेकीला ती अख्खी हवी होती. "तीच जोडून दे!" म्हणत तिने ताट लोटलं, भोकाड पसरलं आणि दाराआड जाऊन फरशीवर पालथी पडली.

अशा वेळचे उपाय घरात तयारच असतात. आजीने आधी खिडकीतला काऊ दाखवला, मग बागुलबुवाला बोलावलं. लहानपणी मी पडलो की तीच म्हणायची, "मुंगी मेली बघ!" आणि फरशीला दोन चापट्या मारायची. मेलेली मुंगी मला कधीच दिसली नाही. रडू थांबवायची मोठ्यांची घाई तेवढी दिसायची. आज माझ्याही तोंडाशी "एक ठेवून देईन" आलंच होतं. रागाला आवर घालणारा मेंदूचा भाग पुरता तयार व्हायला विशी उलटावी लागते. लेकीला अजून बराच अवकाश आहे. माझी चाळिशी उलटली.

तिला तशी पडलेली पाहून कैकेयी आठवली. दागिने भिरकावून तीही उघड्या जमिनीवर अशीच पडली होती. पण अयोध्येच्या राजवाड्यात रागावायला वेगळं दालन होतं. आमच्या दोन खोल्यांत दाराआडची हातभर जागा. वरांपायी दशरथाला आपण नावं ठेवतो. पण तो स्वतः आत गेला होता, तिच्याजवळ बसला होता, अंगावरून हात फिरवून काय झालं म्हणून विचारत होता. चुकला तो पुढे, रामाची शपथ घेऊन 'मागशील ते देईन' म्हणाला तेव्हा.

मी फरशीवर बसलो. पाठीवर ठेवलेला हात तिने झटकला. मी तो पुन्हा ठेवला नाही, पण उठलोही नाही.

"तुला अख्खी हवी होती. मी न विचारता तोडली."

"जोड!"

"तुटलेली जोडता नाही गं येत."

ती पुन्हा रडू लागली. पण आता आवाजातली धार गेली होती, नुसतं वाईट वाटणं उरलं होतं. आजी तव्यावरची गरम पोळी घेऊन आली. लेकीने नकारार्थी मान हलवली. तिला तीच हवी होती.

बऱ्याच वेळाने ती उठली. चारही तुकडे ताटात कडेला कड लावून तिने गोल मांडले, निरखून पाहिले आणि पहिला घास मधोमध, जोडावरचाच तोडला.