वारेचा प्रश्न

मी विज्ञानावर लिहितो, शाळा-कॉलेजांतून बोलतो. इतकी वर्षं हे करताना माझ्या मनात प्रश्नांची एक उतरंड होती. सगळ्यात वर कृष्णविवरं आणि विश्वाचा आरंभ. त्याखाली अणू-रेणू, त्याखाली जनुकं. आणि तळाशी, किंबहुना उतरंडीच्या बाहेरच, बाळंतपण. संपादकांनी गर्भारपणातल्या आजारांवर लेख मागितला की मी म्हणायचो, तो आरोग्य पुरवणीचा विषय आहे, एखाद्या डॉक्टरांकडून घ्या. नकार नम्रपणे द्यायचो. आत मात्र वाटायचं की त्यात विचार करण्यासारखं आहेच काय? अंगात रक्त कमी, दवाखाना लांब, घरच्यांची हेळसांड. उपाय माहीत आहेत, ते पोचत नाहीत एवढंच. मग तो प्रश्न सरकारचा, विज्ञानाचा नव्हे.

कृष्णविवरांची ओढ खोटी नव्हती, आजही नाही. आर. के. पाथ्रिया या भारतीय भौतिकशास्त्रज्ञांनी 1972 मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं होतं. आपलं अख्खं विश्वच एखाद्या कृष्णविवराचा अंतर्भाग असू शकेल, अशी त्यात कल्पना होती. ती पहिल्यांदा वाचली तेव्हा झोप लागली नव्हती. मग हॉकिंग. कृष्णविवरातूनही प्रारण बाहेर पडतं आणि कृष्णविवर हळूहळू विरून जातं, हे त्यांनी 1974 मध्ये मांडलं. तसं असेल तर आत पडलेल्या वस्तूंची माहिती कुठे जाते? क्वांटम भौतिकी सांगते, माहिती पुसली जात नाही. हॉकिंग म्हणाले, पुसली जाते. 1997 मध्ये त्यांनी आणि किप थॉर्न यांनी त्यावर जॉन प्रेस्किल यांच्याशी पैज लावली, आणि 2004 मध्ये डब्लिनच्या परिषदेत हॉकिंग यांनी आपण हरल्याचं जाहीर केलं. 2019 मध्ये आलेल्या नव्या गणितांनी माहिती बाहेर येते या बाजूला मोठं बळ दिलं. ही गोष्ट मी व्याख्यानांत शेकडो लोकांना सांगितली आहे. मत बदलल्याचं जगासमोर कबूल करणारा शास्त्रज्ञ म्हणून हॉकिंग यांचं कौतुक करताना माझा आवाज भरून यायचा.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहणार, हे 2016 मध्ये ठरलं तेव्हा मला अतोनात आनंद झाला. मी परभणीचा. आमच्या मराठवाड्याच्या मातीत चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असतील आणि कोट्यवधी प्रकाशवर्षांपलीकडे दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली की त्या भुजांच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी सूक्ष्म असा फरक मोजला जाईल! 2023 मध्ये केंद्राने 2,600 कोटी रुपये मंजूर केले, त्यानंतर मी त्या भागात गावोगावी याबद्दल बोलत फिरलो.

अशाच एका व्याख्यानानंतर मागच्या रांगेतल्या एक आशाताई उभ्या राहिल्या. “सर, आमच्याकडं बायांचं सातव्या-आठव्या महिन्यात एकदम बीपी वाढतं. हातपाय सुजतात, डोळ्यांपुढं अंधारी येते, कुणाला झटके येतात. ते मुळात का होतं, यावर बी असा शोध चालू हाय का?”

मी म्हणालो, “तो वैद्यकाचा विषय आहे, आज आपण विश्वाबद्दल बोलतोय.” पुढचा प्रश्न घेतला.

त्या दिवशी सभागृहात मला आलेला सगळ्यात मूलभूत प्रश्न तोच होता. का होतं, हे त्या विचारत होत्या. गोळी कोणती, पैसे कुठून, हे नाही. आणि मी, ज्याने आयुष्यभर ‘का’ विचारायला शिकवण्याची भाषा केली, त्याने तो प्रश्न ऐकला नाही. विचारणारी कोण आणि प्रश्न कुणाच्या शरीराबद्दल, एवढं पाहून मी त्याची किंमत ठरवून टाकली होती.

हे तेव्हा कळलं नाही. कळलं ते माझ्या धाकट्या बहिणीला एकतिसाव्या आठवड्यात दवाखान्यात भरती केलं तेव्हा. बीपी 170 च्या वर, लघवीत प्रथिनं, डोकं फुटायची वेळ. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट लावलं होतं आणि अंगाची आग आग होतेय असं ती सांगत होती. बाळाची फुप्फुसं पिकावीत म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. मी डॉक्टरांना विचारलं, हे कशामुळे झालं? त्या म्हणाल्या, “वारेमुळे. वार बाहेर काढणं हाच एक उपाय आहे. पण मुळात सुरुवात का होते, हे जगात कुणालाच अजून पूर्ण कळलेलं नाही.”

त्या वाक्याने मी जागच्या जागी थांबलो. हे मला कधीच कसं माहीत नव्हतं? ज्या अज्ञातासाठी मी आकाशाकडे बघत होतो, ते या वॉर्डात खाटेखाटेवर होतं, आणि त्यावर मी ‘उपाय माहीत आहेत’ असा शिक्का मारून मोकळा झालो होतो.

भाची दोन दिवसांनी सिझरने जन्मली, मुठीएवढी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. त्या दिवसांत मी वाचत सुटलो. वार मुख्यतः बाळाच्याच पेशींतून घडते, हे मला या वयात पहिल्यांदा समजलं. त्या पेशी आईच्या गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, तिथल्या वळणदार धमन्यांचं स्नायूंचं अस्तर मोडून काढतात आणि त्यांना रुंद, सैल करतात, म्हणजे भरपूर रक्त येतं. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे माझ्या बहिणीला झालेल्या आजारात, बऱ्याचदा हे शिरणं अर्धवट राहतं, धमन्या अरुंद राहतात, वारेला रक्त कमी पडतं. 2003 मध्ये बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे अनंत करुमंची, जे मूत्रपिंडाचे डॉक्टर आहेत, आणि त्यांचे सहकारी यांनी दाखवलं की अशी वार एक प्रथिन आईच्या रक्तात मोठ्या प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांना निरोगी ठेवणारे घटक ते प्रथिन पकडून ठेवतं. तेच प्रथिन उंदरांमध्ये वाढवलं, तर त्यांचं बीपी चढलं आणि लघवीत प्रथिनं आली. पण मुळात ते शिरणं अर्धवट का राहतं? आणि हा आजार माणसाखेरीज इतर प्राण्यांत जवळजवळ का आढळत नाही? आई आणि गर्भ यांची जनुकं एकाच रक्तपुरवठ्यावर वेगवेगळा दावा सांगतात, असा विचार डेव्हिड हेग यांनी 1993 मध्ये मांडला. हे वाचताना मला पाथ्रियांचं टिपण वाचतानाची ती रात्र आठवली.

इथवर आलो म्हणजे मी बदललो, असं मला वाटलं. बहीण घरी आल्यावर मी एक लेख लिहिला. त्यात गर्भाशय म्हणजे कृष्णविवर होतं, वार म्हणजे त्याची सीमा, आणि वारेतून सुटणारं प्रथिन म्हणजे हॉकिंगचं प्रारण, आतल्या अंधाराची माहिती बाहेर आणणारं. मला तो फार सुंदर वाटला. मी तिला वाचून दाखवला. भाचीला मांडीवर घेऊन ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “दादा, माझा आजार महत्त्वाचा वाटायलाही तुला कृष्णविवरच लागतं का रे?”

मी काही बोललो नाही. रागही आला, हे खरं. मी तिच्या दुखण्याला इतक्या उंचीवर नेलं आणि ही असं म्हणते! मग रात्रभर तेच वाक्य डोक्यात राहिलं. माझी उतरंड जागच्या जागीच होती. तळातल्या एका प्रश्नाला मी फक्त वरच्या प्रश्नाचे कपडे घालून उचललं होतं. कृष्णविवराशी साम्य नसतं तर मला तो प्रश्न लिहिण्याजोगा वाटला असता का? प्रामाणिक उत्तर नाही असं होतं. शिवाय साम्य खोटंही होतं. वारेत माहिती हरवण्याचा कुठलाच पेच नाही. तिथे रक्त आहे, पेशी आहेत आणि दोन जिवांची ओढाताण आहे. प्रश्नाची खोली मी अंतरावरून मोजत होतो, आणि बाईच्या पोटातला प्रश्न मला फार जवळचा, फार घरगुती, म्हणून उथळ वाटत होता.

मी तो लेख टाकून दिला. माझी जुनी व्याख्यानं काढून पाहिली. भारतीय शास्त्रज्ञांच्या यादीत चंद्रशेखर होते, रायचौधुरी होते, विश्वेश्वरा होते, नारळीकर होते. गोव्यात जन्मलेल्या आणि मुंबईत काम केलेल्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकरांचं नाव एकदाही नव्हतं. गर्भाशयाचं तोंड वेळेआधी उघडू नये म्हणून त्यांनी 1955 मध्ये प्रसिद्ध केलेला टाका जगभर शिरोडकरांच्या नावाने ओळखला जातो.

औंढ्याची वेधशाळा मला आजही तितकीच हवी आहे. तिचे पैसे दवाखान्याला द्या असं मी म्हणणार नाही. विज्ञानाच्या एका प्रश्नाचा घास काढून दुसऱ्याला भरवला पाहिजे, हे मला पटत नाही. पण आता त्या भागात बोलायला गेलो की मी वारेबद्दलही बोलतो. मॅगपाय चाचणीबद्दल सांगतो: 33 देशांतल्या 10,000 हून अधिक बायांवर झालेल्या त्या अभ्यासाने 2002 मध्ये सिद्ध केलं की मॅग्नेशियम सल्फेटने झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो. त्या आशाताईंना मी शोधलं, पण त्या सापडल्या नाहीत.

सध्या मी एका प्रश्नात अडकलो आहे. प्रीएक्लॅम्पसिया होऊन गेलेल्या स्त्रियांना पुढच्या आयुष्यात हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट असतो. माझ्या बहिणीच्या डिस्चार्ज कार्डावर याबद्दल एक ओळही नव्हती. दरवर्षी बीपी तपासून घे, असं मी तिला सांगितलं तेव्हा ती चकित झाली. हा आजार रक्तवाहिन्यांना कायमची इजा करतो, की त्यांच्यात आधीपासून असलेला कमकुवतपणा गर्भारपणाच्या ताणात उघडा पडतो? दोन्ही बाजूंनी पुरावे आहेत. तिनेच मला हा प्रश्न विचारला, आणि नव्या शोधनिबंधांतून काय हाती लागतं ते आम्ही आता दोघं मिळून वाचतो आहोत.