दर्याचा मान

आज नारळी पौर्णिमा. वेसाव्याच्या बंदरावर ताज्या रंगाच्या होड्या, पताका, वाजंत्री. नऊवारी नेसलेल्या एका आजींनी सोनेरी कागदातला नारळ पाण्यात सोडण्याआधी ओंजळीतलं खारं पाणी तीर्थासारखं डोळ्यांना लावलं.

या भक्तीत हिशेबही आहे. पावसाळा हा बऱ्याच मासळीच्या विणीचा काळ. आता १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी असते. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवत, त्या नारळी पौर्णिमेनंतरच पाण्यात ढकलत. ज्याच्यावर पोट, त्याला विसावा द्यायचा, ही समज पिढ्यान् पिढ्यांची.

आपण समुद्रावर फिरायला जातो. ही माणसं त्याच्याशी नातं निभावतात. किनाऱ्याचा कोणताही आराखडा आखताना पहिला शब्द त्यांचाच असायला हवा.